पंधरा महिन्यांत चार पट्टे: आमच्या कॅम्परचं दुखणं नेमकं कुठे होतं

पंधरा महिन्यांत आमच्या कॅम्परच्या इंजिनाचे चार पट्टे गेले. या काळात गाडी फिरली जेमतेम अकरा हजार किलोमीटर. साध्या वापरात असा पट्टा साठ-ऐंशी हजार किलोमीटर जायला हरकत नसते, म्हणजे आमच्या गाडीत काहीतरी मुळातच बिघडलेलं होतं. हे कळायला मला तीन पट्टे तुटावे लागले. माझा छापखाना आहे, दिवसभर मी पट्ट्यावर चालणाऱ्या मशिनींशेजारी उभा असतो, म्हणून जास्त लाज वाटली.

गाडी म्हणजे जुनी डिझेल मिनीबस. सीटा काढून मागे दोन बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी, फ्रीज आणि २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवून घेतलेली. पासिंग एमएच-०९. बदलाची नोंद आरसी बुकावर आहे. ती कशी झाली ती कहाणी वेगळी, तिला इथे जागा नाही. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये इंजिन पुष्कळदा मागच्या टोकाला असतं आणि पट्ट्यापर्यंत हात घालायला पलंगाखालचं झाकण उचलावं लागतं. आपल्याकडच्या मिनीबसला इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला चिकटून. खरं तर हे सोयीचं. पण गाडी तयार करणाऱ्यानं नेमक्या त्या झाकणापुढे चपलांचं कपाट ठोकलं होतं. त्याचं पुढे सांगतो.

इंजिनाच्या तोंडाला दोन पट्टे आहेत. बाहेरचा एसीच्या कॉम्प्रेसरचा, साधा व्ही आकाराचा. तो गेला तर घाम येतो, बाकी काही होत नाही. आतला मात्र चपटा, आतून सहा रेघांचा. दुकानात त्याला ‘सिक्स पीके’ म्हणतात. याच्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, पंखा, स्टिअरिंगचा पंप आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर असा सगळा संसार चालतो. सगळे त्याला अजून ‘फॅनबेल्ट’च म्हणतात, आणि त्या नावामुळे घोटाळा होतो. पंख्याचा पट्टा गेला तर जरा गरम होईल एवढंच, असं वाटतं माणसाला.

पहिला पट्टा कागलजवळ गेला. जुनाच असेल म्हणून सोडून दिलं. दुसरा राधानगरी रस्त्याला, ऐन ऊस हंगामात. ट्रॉल्यांच्या मागे धूळ खात चाललो होतो, त्यामुळे दुकानदारानं ‘पुलीत पाचट गेली असंल’ म्हटलं आणि मला ते पटलं. पाचटीचा तुकडा किंवा बारीक खडा खाचेत बसला तर पट्टा उड्या मारतो, हे खरंच आहे. पण खाचा साफ होत्या. ते बघायचं मी टाळलं आणि त्याच्या बदल्यात महागातला पट्टा घेतला. तोही तितकेच दिवस टिकला.

तिसरा करूळ घाटात.

गगनबावड्याला चहा झाला होता, पाऊस होता, धुक्यात वीस फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. वैभववाडीकडे उतार लागला आणि बॉनेटखाली फट्‌ असा आवाज झाला. बॅटरीचा लाल दिवा लागला. पुढच्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं झालं. ब्रेक दाबला तर पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा लागला, तिसऱ्या वेळी पेडल लाकडासारखं ताठ. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून दोन्ही पायांनी पेडल रेटून, हँडब्रेक ओढून कडेला थांबवता आली. मागच्या चाकांना दगड लावले तेव्हा माझे हात कापत होते.

ब्रेकचं हे प्रकरण ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी नीट समजून घ्या. पेट्रोल इंजिनाला ब्रेकच्या बूस्टरसाठी (पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्यासाठी) लागणारी निर्वात ओढ हवा आत घेतानाच फुकट मिळते. डिझेलला ती मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. पट्टा तुटला की अल्टरनेटर थांबतो, त्याच्याबरोबर व्हॅक्युम पंपही. बूस्टरमध्ये उरलेल्या ओढीवर दोन-तीन ब्रेक मिळतात. नंतर ब्रेक लागतो, पण सगळा जोर तुमच्या मांडीचा. तुमच्या गाडीचा व्हॅक्युम पंप कुठे आहे हे आजच वाकून बघा. अल्टरनेटरच्या मागे दोन तेलाच्या नळ्या आणि एक जाड होज जाताना दिसली, तर तुमचंही तसंच आहे. लाल दिवा आणि जड स्टिअरिंग एकदम आलं की ‘गावापर्यंत तरी जाऊ’ म्हणायचं नाही. पाण्याचा पंपही थांबलेला असतो, इंजिन काही मिनिटांत उकळतं आणि मग इंजिनाच्या डोक्याचा, म्हणजे हेडचा, खर्च निघतो.

आईनं तेवढ्यात पिशवीतून ओढणी काढून पुढे केली. फार पूर्वी कुणीतरी पट्ट्याच्या जागी कापड बांधून गाडी घरी आणलेली तिनं पाहिली होती. खोल व्ही खाचेच्या पुलीवर, एकट्या पाण्याच्या पंपापुरता, असा जुगाड थोडं अंतर चालून जाई. सहा उथळ खाचांच्या चपट्या पुलीवर तो टिकत नाही. ओढणी पंख्यात जाते, एवढंच. माझ्याकडे जादा पट्टा होता. तो भर पावसात, बायकोनं धरलेल्या छत्रीखाली, चपलांचं कपाट उचकटून घातला.

परत आल्यावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रीमामांकडे गाडी लावली. मी लक्षणं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

“तुटल्याला पट्टा कुठाय?”

पहिले दोन मी फेकून दिले होते. तिसरा योगायोगानं टूलबॉक्समध्ये राहिला होता. मामांनी तो उलटा केला, रेघांवरून अंगठा फिरवला आणि एक कड माझ्यापुढे धरली. “ही बाजू बघा मालक. दोरं सुटल्यात. दुसरी बाजू कोरी हाय. पट्टा वाकडा पळतुय. त्येला किती बी बदला.”

एवढं साधं होतं. तेव्हापासून मी तुटलेला पट्टा आधी वाचतो, मग टाकतो. एकाच कडेचे दोरे सुटलेले असतील तर पुल्या एका रेषेत नाहीत. रेघा काचेसारख्या चकाकत असतील तर पट्टा घसरतोय: ताण कमी आहे किंवा भार जास्त आहे. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर तेल लागतंय. क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सील आणि व्हॅक्युम पंपाच्या नळ्या बघायच्या, नवा पट्टा त्यानंतर. रेघांच्या मधे रबराच्या बारीक गोळ्या साठल्या असतील तर तेही घसरण्याचं किंवा तिरकेपणाचंच लक्षण. एखाद्या रेघेचा तुकडाच उडालेला असेल तर बाहेरचं काहीतरी आत गेलं असेल किंवा पट्टा म्हातारा झाला असेल. आडव्या भेगा मात्र आता फारशा भरवशाच्या राहिल्या नाहीत. जुने निओप्रीनचे पट्टे भेगा देऊन इशारा द्यायचे. हल्लीचे ईपीडीएम रबराचे पट्टे भेगा न देता टायरसारखे झिजतात. वरून नवे दिसतात आणि आतून रेघांमधली दरी रुंद झालेली असते. नव्या पट्ट्याचा तुकडा शेजारी धरला की फरक कळतो.

दुसरी खूण आवाजाची. लांब किंकाळी, विशेषतः सकाळी गाडी चालू केल्या केल्या किंवा दिवे-एसी लावल्यावर, म्हणजे पट्टा घसरतोय. चिमणीसारखं तालात ‘चिक-चिक’, ज्याचा ताल इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो, ते बहुधा पुली वाकडी असल्याचं. खात्री करायला पाण्याची बाटली पुरते. इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, ठेवून, बाही आणि ओढणी आवरून, पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडं पाणी मारायचं. आवाज क्षणभर बंद होऊन पुन्हा आला तर पुल्या तिरक्या. पाणी मारताच आवाज वाढला तर ताण कमी. आमच्या गाडीचा आवाज बंद झाला आणि मिनिटभरात परत सुरू झाला. मामा फक्त हसले.

आवाज बंद करायला साबण, मेणबत्ती, पावडर, बाजारात मिळणारा स्प्रे यांतलं काहीही पट्ट्याला लावू नका. मी साबण लावून पाहिला आहे. आवाज पन्हाळ्यापर्यंत बंद राहिला आणि येताना दुप्पट झाला.

आता वाकडेपणा कुठे आहे ते शोधायचं होतं. मामांनी पट्टा काढून प्रत्येक पुली हातानं फिरवली आणि हलवून पाहिली. पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप ठीक होते. बेअरिंग सुकं असेल तर घरघर हाताला लागते, ऐकायचीही गरज नसते. मग क्रँकच्या पुलीवर खडू. डिझेलच्या क्रँकपुलीत बरेचदा मधला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यात रबराचा थर असतो, इंजिनाचे हादरे शोषायला. तो रबर सुटला तर बाहेरचं कडं हळूहळू सरकतं आणि पट्टा तिरका ओढला जातो. मधल्या भागावरून कड्यापर्यंत खडूची सरळ रेघ मारायची, गाडी एक चक्कर फिरवून आणायची. रेघ तुटलेली दिसली तर पुली गेली. आमची रेघ जागेवर होती. मनातून मी पुलीच गेली असावी अशी अपेक्षा करत होतो, म्हणजे एकदाचा निकाल लागला असता.

राहिला अल्टरनेटर. मागच्या बॅटरीसाठी मूळचा छोटा अल्टरनेटर काढून १२० अँपिअरचा बसवला होता. त्याचा बोल्ट बसायचा कान जुन्यापेक्षा वेगळ्या जाडीचा, म्हणून ब्रॅकेट आणि कान यांच्यामधे बसवणाऱ्यानं नवा बुश (धातूची जाड कडी) घातलेला. मामांनी स्टीलची सरळ पट्टी क्रँक आणि पंपाच्या पुलीच्या तोंडाला टेकवली. अल्टरनेटरची पुली पट्टीच्या पुढे आलेली डोळ्यांना दिसत होती. पण इथे एक गफलत होते: पुल्यांच्या कडांची जाडी सारखी नसते, त्यामुळे तोंडाला पट्टी टेकवून मिळालेलं माप खोटं असू शकतं. व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मोजमापाच्या पट्टीनं, प्रत्येक पुलीच्या तोंडापासून पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर मोजलं आणि तेवढं वजा केलं. अडीच मिलिमीटर फरक निघाला.

अडीच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं. पण दोन पुल्यांमधलं मोकळं अंतर फक्त २१ सेंटिमीटर होतं. साधारण हिशेब असा धरतात की फूटभर अंतराला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे आमच्या गाडीला एक मिलिमीटर माफ होता आणि आम्ही अडीच घेऊन फिरत होतो. जुन्या रुंद व्ही पट्ट्यानं एवढं कदाचित खपवून घेतलं असतं. सहा रेघांचा पट्टा असल्या बाबतीत फार मानी असतो.

उद्यमनगरात असण्याचा फायदा हा, की बुश घेऊन मामा शेजारच्या लेथवर गेले, अडीच मिलिमीटर फेसिंग मारून (तोंड घासून) आणलं आणि चहा संपायच्या आत परत बसवलं. यानंतर त्यांनी जे केलं ते मी एकट्यानं कधीच केलं नसतं. पट्टा चढवून, ताण देऊन, त्यांनी पुन्हा मोजलं. अल्टरनेटर एका बोल्टावर झुलतो आणि दुसरीकडे लांब खाच असलेल्या कमानीत आवळतो. खालचा बोल्ट किंवा बुश झिजलेला असेल तर ताण देताच तो मान वाकवतो. ढिला असताना सरळ, आवळल्यावर तिरका. सरळपणा आवळल्यावर तपासायचा. आमचा जुना बोल्ट थोडा खाल्लेला होता, तोही बदलला.

ज्यांच्या गाडीत स्प्रिंगचा आपोआप ताण देणारा टेन्शनर आहे, त्यांनी इंजिन चालू असताना त्याचा हात बघावा. तो किंचित थरथरला तर चालतं. फडफडत असेल तर टेन्शनर म्हातारा झालाय, किंवा अल्टरनेटरची एकाच दिशेला धरणारी पुली जाम झाली आहे. ती पुली डिझेलचे झटके पट्ट्याला लागू नयेत म्हणून असते. जाम झाली की पट्टे खाऊ लागते.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. चिकचिक गेली, कड झिजायची थांबली. पण पंधरा दिवसांनी आंबोलीत मुक्काम केला आणि सकाळी गाडी चालू केल्यावर किंकाळी. लांब, सलग, अर्धा मिनिट. हा दुसरा आजार होता, पहिल्याच्या आवाजाखाली दडलेला.

हा मी स्वतः शोधला, म्हणून थोडा जास्त सांगतो. रात्रभर फ्रीज आणि पंखा चालला की सकाळी मागची लिथियम बॅटरी उपाशी असते, आणि लिथियमची भूक शिशाच्या बॅटरीसारखी नसते. देणारा देईल तेवढं ती घेत राहते. आमची जोडणी साध्या रिलेवर, म्हणजे आपोआप लागणाऱ्या स्विचवर, होती. इंजिन लागताच रिले मागची बॅटरी जोडायचा आणि अल्टरनेटरवर एकदम ९० अँपिअर. १४ व्होल्टला ९० अँपिअर म्हणजे सुमारे १,२६० वॅट. अल्टरनेटर काही शंभर टक्के कामसू नसतो, साठ टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे पट्ट्यावर दोन किलोवॅटच्या वर भार, जवळजवळ ३ एचपी. विहिरीवरची ३ एचपीची मोटर आठवा. ती एका मुठीएवढ्या पुलीवरून, थंड आणि दमट पट्ट्यानं, पहिल्या सेकंदाला ओढायची. पट्टा किंचाळेल नाही तर काय करेल?

इलाज ताण वाढवण्याचा नव्हता. मी तो आधी केला होता आणि त्याची शिक्षा म्हणून पाण्याच्या पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब गळू लागले होते. जास्त ताण थेट पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगवर जातो. रिले काढून ४० अँपिअरपेक्षा जास्त न देणारा डीसी-डीसी चार्जर लावला आणि इंजिन लागल्यावर दोन मिनिटांनी सुरू होईल असा ठेवला. भार निम्म्याहून कमी झाला. बॅटरी भरायला वेळ जास्त लागतो, पण आम्ही काही शर्यतीत नाही.

पट्टा स्वतः बदलणार असाल तर माझ्या चुकांपुरतं सांगतो. पट्टा घेताना जुन्याच्या पाठीवरचा नंबर बघा: ६पीके१८८० असेल तर सहा रेघा आणि १,८८० मिलिमीटर लांबी. दहा-पंधरा मिलिमीटरनं लांब पट्टा ‘बसतोय की’ म्हणून गळ्यात मारला जातो; बसतो, पण कमान शेवटाला टेकते आणि पुढे ताण द्यायला जागाच उरत नाही. कामाआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि पट्ट्याच्या वाटेचा फोटो घ्या. अल्टरनेटर टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) रेटताना टॉमी ब्रॅकेटजवळच्या जाड भागावर टेकवा, अल्युमिनियमच्या जाळीवर नाही. नवा पट्टा स्क्रूड्रायव्हरनं उचकटून चढवू नका, आतले दोरे तिथेच तुटतात. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर सहाच्या सहा रेघा बसल्यात का ते बोटानं चाचपा; एक रेघ बाहेर राहिली की पट्टा दिवसभरही टिकत नाही. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं, त्याच्या फिरण्याच्या दिशेनंच, दोन फेरे फिरवा आणि पुन्हा चाचपा.

ताणासाठी गाडीच्या पुस्तकातलं माप असेल तर तेच. नसेल तर सर्वांत लांब मोकळ्या भागात अंगठ्यानं चांगला दाब दिल्यावर साधारण दहा मिलिमीटर दबला पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, निवल्यावर पुन्हा बघा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. आणि ज्या इंजिनाला एकाच कामासाठी दोन व्ही पट्टे जोडीनं आहेत, तिथे एक तुटला तरी दोन्ही बदला. नवा आखूड असतो, सगळा भार तोच उचलतो आणि लवकर मरतो. छापखान्यात आमच्या मशिनीला असे तीन आहेत आणि मी तिन्ही एकदम बदलतो, वर्षानुवर्षं. गाडीपाशी आलो की अक्कल घरी ठेवत होतो.

जादा पट्टा घडी घालून, वर जॅक ठेवून, सीटखाली कोंबू नका. सैल गुंडाळी करून कोरड्या जागी ठेवा. शिरोलीजवळ महामार्गावर २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी आलं होतं तसल्या पाण्यातून कधी गाडी काढावी लागली, तर ओला पट्टा वाळेल, पण खाचांत बसलेला गाळ तसाच राहतो. तो ब्रशनं काढा.

चपलांच्या कपाटाचं राहिलं. पट्टा दिसत नव्हता म्हणून कुणी बघत नव्हतं, मीसुद्धा. मामांच्या ओळखीच्या सुतारानं कपाटाची पाठ कापून बिजागरीचं दार केलं. आता दर महिन्याला बॅटरीचा प्रकाश टाकून कड बघतो, अर्ध्या मिनिटाचं काम. गेल्या नऊ हजार किलोमीटरमध्ये दोन्ही कडा सारख्या आहेत. चपला सगळ्या दाराबाहेर आल्या, आणि आई रोज त्यावरून ऐकवते.